बारा किलोमीटर, फक्त?

बडोद्यात अंतर सपाटीवर मोजायची सवय. दांडिया बाजारातून कमाटीबागेपर्यंत चढ लागलाच तर तो उड्डाणपुलाचा. त्यामुळे इटलीतल्या चिंक्वे तेर्रेची किनाऱ्याकडची पायवाट पाच गावं मिळून जेमतेम बारा किलोमीटर आहे, हे कळलं की आजोबांपासून नातवापर्यंत सगळे एका दिवसात उरकायच्या गोष्टी करतात. तिथला हिशेब पायऱ्यांचा.

यातल्या मॉन्तेरोस्सो ते व्हेर्नात्सा या दोन गावांत साडेतीन किलोमीटर. मुलं बरोबर असतील तर दोन तास सहज जातात. पायऱ्या द्राक्षमळ्यात जाणाऱ्यांच्या सोयीच्या, एक वीतभर, तर पुढची गुडघ्याला येणारी. चढताना दम लागतो, तो बसलं की ओसरतो. उतरताना मात्र मांड्या सगळा भार रोखून धरतात आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. म्हणून तयारी उतरणीची करावी. पावागढ बडोद्याहून जवळच आहे: रोपवेनं वर जायचं आणि पायऱ्यांनी माचीपर्यंत, म्हणजे रोपवे सुटतो तिथपर्यंत, उतरायचं. लोक नेमकं उलटं करतात. बूट बंद आणि अर्धा नंबर मोठे, नखं कापलेली, नाहीतर उतारावर अंगठा बुटाच्या टोकाला घासून काळानिळा होतो. चपला घालून या वाटेवर गेलं तर दंडही होऊ शकतो.

या डोंगराला धरून ठेवलंय ते चुन्यामातीशिवाय रचलेल्या गडग्यांनी. दगडांच्या फटींतून पाणी झिरपून जातं, म्हणून भिंत फुगत नाही. मळे सोडून माणसं शहरात गेली, गडग्यांची डागडुजी थांबली, की पावसात माती सुटते आणि वाट बंद होते. 25 ऑक्टोबर 2011च्या पुरानं व्हेर्नात्सा आणि मॉन्तेरोस्सो चिखलानं भरून टाकली. मानारोला-रिओमाज्जोरे हा 900 मीटरचा सोपा तुकडा 2012मध्ये दगड कोसळल्यावर बंद झाला, तो पूर्ण उघडायला 2024 उजाडलं. कॉर्निल्या-मानारोला ही खालची वाट दरडींनी अनेक वर्षं अडवली आहे. त्याऐवजी वरून, सुमारे सव्वातीनशे मीटर उंचीवरच्या व्होलास्त्रा गावातून जावं लागतं. दृश्य या वाटेवर सगळ्यांत देखणं, पण मानारोलाकडची उतरण खडी. लहान मुलं असतील तर व्होलास्त्राहून बस घ्यावी, त्यात कमीपणा नाही. अतिवृष्टीचा इशारा असेल तर वाटा बंदच करतात, म्हणून आदल्या रात्री चौकशी हवी.

कुटुंबासाठी खरी सोय रेल्वेची. पाचही गावांना स्टेशन आहे आणि दोन गावांमधला प्रवास काही मिनिटांचा. चालणारे चालतील, आजी-आजोबा गाडीनं पुढच्या गावात जाऊन धक्क्यावर बसतील. वाटेचं शुल्क आणि गाडीभाडं एकत्र असलेलं दिवसाचं कार्ड मिळतं. ते चढण्याआधी यंत्रात छापून घ्यायला विसरलं तर तिकीट असूनही दंड. एकच अपवाद ध्यानात ठेवावा: कॉर्निल्या समुद्रकाठी नाही, टेकडीवर आहे. स्टेशनपासून गावापर्यंत पावणेचारशेहून जास्त पायऱ्या, आणि त्या चुकवणारी छोटी बस. पायऱ्यांपाशी चाकांची बॅग ओढणारं कुटुंब दिसलं की कोणालाही दया येईल. मोठं सामान जवळच्या ला स्पेत्सिया किंवा लेवान्तो या गावी मुक्कामी ठेवून पाठीवर फक्त पाणी (माणशी दीड लिटर), टोपी आणि थोडा खाऊ घ्यावा. जुलै-ऑगस्टपेक्षा एप्रिल-मे किंवा सप्टेंबर बरा, आणि आठच्या आत निघालेलं उत्तम. पुढे उन्हाइतकीच गर्दीही अडवते, कारण अरुंद वाटेवर समोरून येणाऱ्यांसाठी थांबत राहावं लागतं.

थेपले न्या, पण भरमसाट नकोत. तिथला फारिनाता म्हणजे बेसन, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेलाचा भट्टीत भाजलेला पुडलाच. शाकाहारी माणसाला निर्धास्त खाता येतो. पेस्तोचं, म्हणजे तिथल्या बेसिलच्या चटणीचं, तसं नाही: त्यातलं चीज बहुधा वासराच्या जठरातल्या रेनेटनं विरजलेलं असतं. कडक शाकाहारी असाल तर मागवण्याआधी विचारा.