छप्पन्न कुठून आले?

"तिकडची पोरं ऐकतात का गं?" मी इंग्लंडमध्ये गणित शिकवायला लागल्यापासून घरच्या प्रत्येक फोनवर हा प्रश्न ठरलेला. ऐकतात. पण आधी मी या वाटेला लागले कशी, ते सांगते.

पुण्यात मी सॉफ्टवेअरमध्ये होते. लेस्टरला आल्यावर मुलीच्या प्राथमिक शाळेत पालक स्वयंसेवक म्हणून जाऊ लागले. मुलांनी मोठ्याने वाचायचं, आपण शेजारी बसून ऐकायचं, एवढंच काम. इथे चौथ्या वर्षाच्या, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलांची जूनमध्ये पाढ्यांची सरकारी चाचणी असते: बारा बारे एकशे चव्वेचाळीसपर्यंतचे 25 प्रश्न, प्रत्येकाला 6 सेकंद. त्यासाठी काही मुलांचे पाढे घ्याल का, असं बाईंनी विचारलं.

एक मुलगी सात आठेला कायम अडायची. मी तिला उत्तर न सांगता, तुला आठाचं काय काय येतं, ते विचारलं. आठ पंचे चाळीस येत होतं, आठ दुणे सोळा येत होतं. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "मग छप्पन्न?" तिच्या चेहऱ्यावरचा तो आनंद बघून घरी येताना माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते. चांगल्या पगाराच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत असं एकदाही झालं नव्हतं. हेच करायचं, हे त्या वाटेवरच ठरलं.

इथे शिक्षक व्हायला पदवीनंतर साधारण वर्षभराचं प्रशिक्षण लागतं. त्यात किमान 120 दिवस प्रत्यक्ष शाळेत आणि तेही किमान दोन वेगवेगळ्या शाळांत काढावे लागतात. आपली भारतातली पदवी चालते, फक्त तिच्या समकक्षतेचं पत्र काढून घ्यावं लागतं. माझ्या मते या प्रशिक्षणाचा जीव त्या शाळेतल्या दिवसांत आहे. विद्यापीठातली व्याख्यानं चांगली असतात, पण तीस मुलांसमोर उभं राहिल्याशिवाय त्यातलं फारसं काही अंगी लागत नाही.

माझा पहिला स्वतंत्र तास आठव्या वर्षाला होता. बारा-तेरा वर्षांची मुलं, म्हणजे आपली सातवी. विषय अपूर्णांकांची बेरीज. मार्गदर्शक शिक्षिका मागच्या बाकावर वही घेऊन बसल्या होत्या. दारात उभं राहून आत येणाऱ्या प्रत्येकाला नावाने 'गुड मॉर्निंग' म्हणायचं, हे त्यांनीच शिकवलेलं. पोरं ऐकतात त्याचं निम्मं कारण त्या दारात आहे, असं मला आता वाटतं. आपलं नाव या बाईंना माहीत आहे, हे कळलेलं मूल सहसा वाकड्यात शिरत नाही.

इथे प्रत्येक मुलाकडे एक छोटा पांढरा फळा असतो. प्रश्न विचारला की सगळ्यांनी उत्तर लिहायचं आणि 'दाखवा' म्हटलं की एकदम वर धरायचं. "समजलं का?" "हो बाईऽऽ" या आपल्याकडच्या सामुदायिक होकारापेक्षा मला ही पद्धत फार प्रामाणिक वाटते, कारण मागे लपायला जागाच उरत नाही. मी एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश विचारलं. फळे वर आले आणि निम्म्याहून अधिक फळ्यांवर दोन पंचमांश!

अंशात अंश, छेदात छेद. लसावि काढा, छेद समान करा, असं सांगून पुढे जाता आलं असतं. मी विचारलं, "दोन पंचमांश अर्ध्यापेक्षा मोठा की लहान?" काहींनी पट्ट्या काढून पाहिल्या. लहान. "म्हणजे अर्ध्यात आपण भर घातली आणि ते अर्ध्याहून कमी झालं?" वर्गात कुजबुज सुरू झाली. खिडकीजवळचा एक मुलगा जवळजवळ रागावून म्हणाला, "मिस, असं होऊच शकत नाही!" मग तोच पुढे आला, पट्टीचे सहा भाग केले, त्यातले तीन आणि दोन रंगवले. पाच षष्ठांश. नियम मी नंतर सांगितला, तोवर त्याची गरज त्यांनाच पटली होती.

इथे सोळाव्या वर्षी गणिताच्या परीक्षेत 9 ते 1 अशा श्रेणी मिळतात, 9 सगळ्यात वरची. किमान 4 मिळाली नाही, तर पुढे शिकतानाही गणित सोडता येत नाही. गणित म्हणजे शिक्षा, असं मानून बसलेली मुलं मला रोज भेटतात. त्यांच्यासाठीच मला या वर्गात राहायचं आहे.

पुढच्या आठवड्यात ऋण संख्यांचा गुणाकार घेणार आहे. उणे गुणिले उणे अधिक का होतं, हे शाळेत कोणी तुम्हाला नुसतं पाठ न करवता पटवून दिलं असेल, तर कसं ते मला जरूर लिहा.