वो आधा र वाले तुमिच हैं क्या? (परभणी ते पायकॉन)

पायकॉन इंडिया म्हणजे पायथन ह्या प्रोग्रामिंग भाषेवाल्यांची दरवर्षीची कॉन्फरन्स, २०२३ची हैदराबादला होती. आपल्याला हैदराबाद पुण्यापेक्षा जवळचं, त्यामुळं जास्त विचार न करता देवगिरी एक्सप्रेसचं तिकीट काढलं, तारीख २८ सप्टेंबर. त्या दिवशी अनंत चतुर्दशी. आई म्हणली, "गणपती बुडवायच्या दिवशी कोणी घर सोडतंय का? आन् पैशे किती देतेत तिथं?" काहीच देत नाहीत, उलट आपणच तिकीट काढून जायचं असतंय, हे ऐकल्यावर तिनं विषयच बंद केला.

नांदेड गेलं, उमरी गेलं, मिरचीचं धर्माबाद गेलं आणि बासरच्या पुलावर गोदावरी आली तसे डब्यातले निम्मे लोक हात जोडून खिडकीला, कोणी नाणी टाकतंय, समोरच्या मावशी सांगायल्या की त्यांच्या नातवाची पहिली पाटी इथल्याच सरस्वतीच्या देवळात गिरवली. सिकंदराबादला उतरलो तर सगळं शहर हुसेनसागरकडं निघालेलं. रिक्षावाला म्हणे "टँकबंड नक्को बोलो साब, रात तक नक्को." मग बॅग पाठीवर टाकून ढोलताशा ऐकत चालत निघालो, रूम गाठेपर्यंत कपडे गुलालानं लाल.

कॉन्फरन्सचं खरं सांगायचं तर मोठे टॉक नंतर व्हिडिओवर बघता येतात, मी अर्धे सोडून दिले. मजा लाइटनिंग टॉकची. पाच मिनिटं मिळतात, नाव द्यायचं आणि बोलायचं. माझा विषय आपल्या कुऱ्हाडेंचा. परभणीतल्या एका खताच्या दुकानाची उधारीची यादी कॉम्प्युटरवर घेतली होती, त्यात 'कुऱ्हाडे' सर्च केलं की निम्मे कुऱ्हाडे गायब! कारण हा अर्धा र दोन पद्धतीनं टाइप होतो, एक तर नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ घेऊन त्याला हलन्त, नाहीतर साधा र, हलन्त आणि पुढं झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडणारं एक चिन्ह, जे दिसतच नाही. स्क्रीनवर दोन्ही कुऱ्हाडे सारखेच दिसतेत पण पायथनला दोन्ही एकच का विचारलं तर फॉल्स, म्हणजे नाही. युनिकोडचं, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अक्षरांच्या स्टँडर्डचं, नेहमीचं नॉर्मलायझेशन (वेगवेगळ्या पद्धतीनं टाइप झालेलं एकसारखं करणं) चालवलं तरी दोघं एक होत नाहीत. म्हणून मी एक छोटी लायब्ररी, म्हणजे कोणालाही आपल्या प्रोग्राममध्ये वापरता येईल असा तयार कोड, लिहून पायपीआयवर (पायथनचे असे कोड जिथं सगळ्यांसाठी ठेवतात तिथं) टाकून दिली होती, कोण वापरतंय काय पत्ता नव्हता.

टॉक इंग्रजीत झाला, अडखळत झाला, टाळ्या पडल्या. पण खरी गंमत जेवणाच्या लाइनीत. मागून एकजण, "वो आधा र वाले तुमिच हैं क्या?" म्हणलं हौ. तो बिदरचा निघाला, मराठी नावांच्या डेटावर काम करायचा आणि लायब्ररी कधीपासूनची वापरत होता. त्यानं चौघांना बोलावून आणलं, सगळे हौ-नक्कोवाले, इंग्रजीचं टेन्शन तिथंच संपलं. ताटातली बिर्याणी गार झाली पण मी उठलो नाही. आपण रात्री बसून केलेलं काम बिदरच्या माणसाला तोंडपाठ आहे, ह्याची किक वेगळीच असते राव, ऑफिसातल्या 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ'ला ती नाही.

पायकॉनमध्ये केनेथ गोन्साल्विस अवॉर्डही देतात, २०१२ पासून, त्याच वर्षी गेलेल्या केनेथ गोन्साल्विस ह्यांच्या नावानं. भारतातल्या पायथन कम्युनिटीसाठी राबणाऱ्या माणसाला मिळतो, नुसता भारी कोड लिहून भागत नाही, आणि माझ्या मते असे अवॉर्ड अजून चार पाहिजेत.

डेव्हस्प्रिंटला, म्हणजे सगळे एकत्र बसून ओपन सोर्स कोड लिहितात तिथं, त्या बिदरवाल्यानं माझ्याच लायब्ररीतली एक टेस्ट पाडून दाखवली, 'दर्या' आणि 'दऱ्या' एक होता कामा नयेत म्हणून. शेजारी बसून दुरुस्त केलं, मर्ज केलं (मूळ कोडात मिसळलं), चहा प्यायलो.

परत आल्यावर नांदेडच्या इंजिनिअरिंगची पोरं खर्चाचं विचारायलेत. पायकॉन इंडियात फायनान्शियल एड असते, टॉक नसला तरी अर्ज करता येतो, फक्त लवकर करा. आणि देवगिरीचं तिकीट त्याच्याही आधी काढा, सणासुदीत वेटिंगच असतंय.