सातारा कुठं घालायचा?

आमच्या दुकानात सॉफ्टवेअर मागायला येणारी माणसं ठरलेली. व्यापारी आला की टॅली, छापखानेवाला आला की मराठी फॉण्ट, निवृत्त मास्तर आले की जन्मपत्रिका. साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या या गाळ्यात मला सत्तावीस वर्षं झाली, त्यात या तिघांबाहेरचं गिऱ्हाईक विरळाच. म्हणून दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी जुन्या ओळखीतला एक पोरगा लॅपटॉप काखेत मारून आला आणि "काका, डाइव्ह प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर टाकून पाहिजे" म्हणाला, तेव्हा मी स्क्रूड्रायव्हरच हातात घेतला. मला वाटलं, ड्राइव्ह. हार्ड डिस्कचं पार्टिशन करायचं असेल.

"ड्राइव्ह नव्हे ओ, डाइव्ह. पाण्याखाली. स्कूबा."

पोरगा एमआयडीसीत इंजिनियर. उन्हाळ्यात तारकर्लीला नवरा-बायकोनं कोर्स केलेला. आता मुर्डेश्वरला जाऊन तिथून बोटीनं नेत्राणी बेटाजवळ उतरायचं होतं. त्याच्या कोर्सच्या कार्डावर अठरा मीटरपर्यंतची परवानगी. शनिवारी दोन, रविवारी दोन अशा चार डाइव्ह. "मालवणला फोटोपुरतं झालं काका, आता जरा नीट हिशेब करून जाऊ म्हटलं."

हिशेब म्हटल्यावर मी खुर्ची पुढं ओढली.

मित्रानं दिलेला पेनड्राइव्ह त्यानं आणला होता, त्यात कुठल्याशा विकतच्या प्रोग्रामचं क्रॅक, म्हणजे कुलूप फोडलेली चोरटी प्रत. लावल्या लावल्या अँटिव्हायरसनं बोंब मारली. टॅलीच्या क्रॅकचं आमच्या धंद्यात काय चालायचं ते मी इथं लिहीत नाही, पण माणसानं कधी वर यावं हे सांगणारा प्रोग्राम कुणीतरी आतून उसवून परत शिवलाय, ही गोष्ट मला पचेना. पेनड्राइव्ह फॉरमॅट करून त्याच्या हातात दिला. थोडा हिरमुसला.

मग शोधाशोध. मल्टिडेको म्हणून एक विकतचं सापडलं, पण ते खोल जाणाऱ्या, दोन-तीन प्रकारचे वायू घेऊन उतरणाऱ्या लोकांच्या कामाचं. आमच्या इंजिनियरला एक सिलिंडर, साधी हवा. त्यासाठी ते म्हणजे उसाच्या ट्रॉलीतून मेथीची जुडी आणायची. शोधता शोधता सबसरफेस हे नाव आलं. फुकट, सोर्स कोड उघडा, आणि सुरुवात कुणी केली तर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं! मासिकांबरोबर लिनक्सच्या सीड्या यायच्या त्या काळापासून मी या माणसाचा भक्त. तो पाणबुड्या आहे हे मला माहीतच नव्हतं. २०११ साली लिनक्सच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं काम काही दिवस अडून राहिलं होतं, तेव्हा गडी गप्प न बसता स्वतःच्या डाइव्हची नोंदवही लिहायला बसला. पुढं डर्क होंडेल नावाच्या त्याच्या सहकाऱ्यानं ते सांभाळलं, आणि नोंदवहीला डाइव्ह आखून देणारा प्लॅनरही जोडला गेला.

पोराच्या लॅपटॉपवर नवी आवृत्ती काही बसेना. शेवटी माझ्या उबुंटूच्या, म्हणजे लिनक्सच्याच, डब्यावर टाकलं. ते उतरून होईतो लाईट गेली, यूपीएस टॅंऽ टॅंऽ करायला लागला, तेवढ्यात चहा झाला आणि त्यानं मला हे सगळं कशासाठी ते समजावलं.

दहा मीटर खाली गेलं की एका वातावरणाएवढा दाब वाढतो. दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात आणि अंगात मुरतो. हळू वर आलं तर तो तसाच श्वासावाटे निघून जातो. घाईनं आलं तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे धरतात. सांधे दुखतात, वाईट झालं तर मज्जारज्जूला लागतं. हॉल्डेन नावाच्या शास्त्रज्ञानं ब्रिटिश नौदलासाठी शेळ्यांवर प्रयोग करून याचे पहिले नीट तक्ते १९०८ मध्ये छापले. शेळ्यांवर! आमच्या माणदेशात सांगितलं तर लोक म्हणतील, बरोबर आहे, दुसऱ्या कुणावर करणार.

आताचे बरेच प्रोग्राम झुरिकच्या बुलमान डॉक्टरांचं गणित वापरतात. त्यात शरीराचे सोळा कप्पे मानलेत. प्रत्येकाचा भरण्या-रिकामा होण्याचा वेग वेगळा. मला ते त्याच्या आकड्यांवरून कळेना, डाळीवरून कळलं. मूगडाळ तासाभरात भिजते, कोरेगावचा घेवडा रात्रभर टाकावा लागतो. कढईत दोन्ही एकदम टाकून चालत नाही. सर्वांत चपळ कप्पा चार मिनिटांत निम्मा भरतो, सर्वांत आळशी कप्प्याला त्यासाठी ६३५ मिनिटं लागतात. म्हणजे साडेदहा तास. हा आळशी कप्पा लक्षात ठेवा, पुढं येतो.

लाईट आली. प्लॅनर उघडला. पडद्यावर डाइव्हची रेघ उमटते: सरळ खाली, मग सपाट, मग तिरकी वर. पोरगा म्हणाला, "अजिंक्यतारा उलटा केल्यासारखा दिसतोय नाही?" खरंच तसाच दिसत होता. खोली अठरा मीटर टाकली. सिलिंडर अकरा लिटरचा, २०० बार दाबानं भरलेला. म्हणजे बावीसशे लिटर हवा, त्यातले ५० बार राखीव. वर पाण्याबाहेर माणूस मिनिटाला वीस लिटर ओढतो असं धरलं, तर अठरा मीटरवर दाब २.८ पट, म्हणून छप्पन लिटर. मी कागदावर भागाकार केला: जेमतेम एकोणतीस मिनिटं, त्यात खाली जाणं-वर येणं धरून आणखी कमी. आणि अठरा मीटरवर नायट्रोजनपायी खाली राहायची मर्यादा त्याच्या कोर्सच्या तक्त्यात छप्पन मिनिटं. म्हणजे नायट्रोजनचा प्रश्न यायच्या कितीतरी आधी हवाच संपणार. त्याला हे ऐकून हायसं वाटलं. मला वाटलं, झालं काम.

आता माझी एक खोड. पत्रिकेच्या सॉफ्टवेअरमध्ये जन्मस्थळ भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही, त्यामुळं सातारा, १७ अंश ४१ कला उत्तर, ७४ पूर्व हे माझ्या बोटांत बसलंय. इथं अक्षांश नव्हते, पण एक चौकट होती, उंचीची. सवयीनं मी तिथं ७४२ मारलं. साताऱ्याची उंची. एंटर दाबलं आणि गणित हललं. मर्यादेची मिनिटं खाली आली.

"काका, काय केलंत? समुद्रात जायचंय, साताऱ्यात नाही. तिथं शून्य टाका."

शून्य टाकलं. आकडे परत पहिल्यासारखे. पण मला चैन पडेना. उंची वाढली की हवेचा दाब कमी, हे ठीक. समुद्रावर १०१३ मिलिबार, आपल्याकडं सुमारे ९२७. सहज विचारलं, "मग सातारा कुठं घालायचा?"

"कुठंच नाही."

"पण तू येणार तर इथंच ना? कधी निघणार?"

"रविवारी बारा-एकला दुसरी डाइव्ह संपेल. जेवण करून दोनला गाडी काढायची. हुबळी, बेळगाव करत रात्री घरी. सोमवारी पहिली पाळी आहे."

मी पडद्याकडं बघत बसलो. समोरची रेघ पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन संपत होती. पुढं काहीच नव्हतं. आणि पोरगा खरं तर तिथं थांबणार नव्हता, वर चढतच जाणार होता, म्हणजे अंगावरचा दाब आणखी उतरतच जाणार: घाट, पठार, बेळगाव, शेवटी आमचा सातारा.

"विमानाचं काहीतरी असतं ना?" मी विचारलं. हे मी कुठंतरी वाचलेलं.

"हो, ते माहितीय. डाइव्हनंतर अठरा तास विमानात बसायचं नाही. पण आम्ही कारनं येणार."

इथून पुढं अर्धा तास आम्ही दोघांनी दुकान सोडून सगळं तेच वाचलं. एक बाई प्रिंटर घेऊन आल्या होत्या, त्यांना मी उद्या या म्हटलं. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, ज्याला हे लोक डॅन म्हणतात, त्यांच्याकडं २००२ साली ठरलेला सल्ला असा: एकच साधी डाइव्ह असेल तर बारा तास थांबा, अनेक दिवस किंवा एकाहून जास्त डाइव्ह असतील तर अठरा. आणि हा सल्ला किती उंचीसाठी? विमानाच्या केबिनमधला दाब दोन हजार ते आठ हजार फुटांवरच्या हवेएवढा असेल तर. मी ७४२ ला ३.२८ नं गुणलं. दोन हजार चारशे चौतीस.

आपलं गावच विमानाच्या हिशेबात बसत होतं.

पोरगा इंजिनियर, सहजासहजी हरणाऱ्यातला नव्हे. "काका, चारशे फुटांनीच वर आहे. आणि अमेरिकन नौदलाचा तक्ता बघा, त्यात अंगात किती नायट्रोजन उरलाय त्यावरून आणि उंचीवरून वेळ बदलतो. उंची कमी तर थांबणं कमी." त्याचंही खोटं नव्हतं. मी म्हटलं, मग कोल्हापुरात राहा, ते दोन हजारांच्या खाली आहे. तो खूश झाला, आणि मग दोघांनाही एकदमच सुचलं की कोल्हापूरला पोचायलाही घाट चढावाच लागतो. आंबोलीतून या, ६९० मीटर. हुबळीकडून या, बेळगाव साताऱ्याहून वर. कोकणातून देशावर यायला सपाट रस्ता शिवाजी महाराजांनाही सापडला नाही.

"तुझ्या मास्तरांना विचार," मी म्हटलं.

त्यानं मालवणच्या प्रशिक्षकाला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडं आधी शांतता, मग खास मालवणी सूर: "घाटार जातलंस मां? मगे आदीच इचारूक व्हया होता!" मग म्हणाले, चार डाइव्ह करून त्याच दिवशी घाट चढायचा नाही, रात्र खालीच काढायची. भाड्यानं घेतलेला मनगटावरचा डाइव्ह कम्प्युटर 'नो फ्लाय' दाखवत असेल तर तो गाडीलाही लागू समजायचा. एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला, बोट सुटत असावी.

आळशी कप्पा आता मला समजला. घेवडा निथळायला तेवढाच वेळ घेणार.

बेत असा बदलला: शुक्रवार-शनिवार डाइव्ह, शनिवारी दुपारी बारापर्यंत पाण्याबाहेर, रविवारी सकाळी सहाला अठरा तास पुरे, मग निवांत निघायचं. बायकोला फोन केला तर ती म्हणाली, मी हेच म्हणत होते, रविवारी मुर्डेश्वराचं दर्शन तरी नीट होईल. नायट्रोजनचं तिला त्यानं काही सांगितलं नाही.

प्लॅन छापला. खाली प्रोग्रामनं स्वतःच इशारा छापला होता: या गणिताची चाचणी मर्यादित झाली आहे, केवळ याच्यावर विसंबून डाइव्ह आखू नका. सत्तावीस वर्षांत मी छापलेल्या एकाही पत्रिकेनं आपल्याविषयी असं लिहिलेलं नाही.

आता शुक्रवारची रजा. अर्जही माझ्याच कम्प्युटरवर टाइप करायला बसलो. 'महोदय' झालं, 'दिनांक' झालं, आणि 'कारण'पाशी दोघंही अडलो. नायट्रोजन लिहिलं तर साहेब वेडा समजणार. घरगुती काम लिहिलं तर देणार नाहीत, दिवाळीत तेच लिहून झालेलं.

"वैद्यकीय लिहू का?" त्यानं विचारलं.

"लिही की. खोटं कुठंय?"

सॉफ्टवेअरचे पैसे नव्हतेच. दोन प्रिंटांचे वीस रुपये घेतले.