राडारोड्यातला मँटिस श्रिम्प

अंदमानला जाणारी माणसं प्रवाळ बघायला जातात. मी गेलो होतो प्रवाळाच्या पायथ्याशी पडलेला राडारोडा बघायला. पोवळ्यांचे मोडके तुकडे, शिंपल्यांच्या कपच्या, खरखरीत वाळू. बहुतेक डायव्हर त्यावरून न बघताच पुढं जातात, आणि पीकॉक मँटिस श्रिम्प, खेकडा-कोळंबीच्या नात्यातला एक रंगीत शिकारी, नेमका तिथं बीळ करून राहतो. तारकर्लीला स्क्युबा शिकल्यापासून या प्राण्यानं माझ्या डोक्यात ठाण मांडलं होतं.

त्याचे भाऊबंद मी मालवणच्या बंदरावर पाहिले होते. ट्रॉलरच्या जाळ्यात कोळंबीबरोबर येतात, फिकट आणि चपटे. कोळंबी निवडून झाली की कोपऱ्यात ढीग होऊन पडलेले असतात. ते चिखलात राहणारे, पुढच्या काटेरी पायांनी भक्ष्य भोसकणारे. मला बघायचा होता तो ठोसा मारणारा, आणि तोही जिवंत, त्याच्या घरच्या दारात.

कोल्हापूरहून बेळगाव, मग बंगळूर, तिथून विमानानं पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम) आणि बोटीनं स्वराजद्वीप, म्हणजे जुनं हॅवलॉक. प्रवासाचं एवढंच पुरे. सोबत राजारामपुरीतला मित्र होता. तिथला डायव्हिंग इन्स्ट्रक्टर निघाला मालवणचा, त्यामुळं पहिल्याच चहाला ओळख जमली. मी काय शोधतोय ते ऐकल्यावर तो म्हणाला, "घाई करू नको हां. आधी तो तुका बघतलो, मगे तू तेका."

लाइटहाऊस नावाच्या जागी आम्ही उतरलो. कानात सारखी कडकड येत होती, पण ती बहुतांशी पिस्तूल कोळंबीची, म्हणजे नांगी झटकून आवाज काढणाऱ्या छोट्या कोळंबीची. भरल्या प्रवाळात ती कायमच चालू असते. चौदा-पंधरा मीटरवर प्रवाळाची भिंत संपली आणि उतरती वाळू सुरू झाली. इथं पोटाखाली वाळू उडू न देता तरंगत राहणं हेच सगळं कसब. पायातले फिन्स जरा जोरात मारले की गढूळ होतं आणि बिळातला माणूस आत जातो. माणूसच म्हणतो मी त्याला.

इन्स्ट्रक्टरनं एका दगडाखाली बोट दाखवलं. तोंडाशी नीट रचल्यासारखे पोवळ्याचे तुकडे, आजूबाजूला फुटलेले शंख, खेकड्याच्या नांगीचा एक तुकडा. घर चालू आहे याची ही खूण. आम्ही तिथंच थांबलो. बराच वेळ काही नाही. मग अंधारातून दोन डोळे वर आले, देठांवर, आणि दोन्ही वेगवेगळ्या दिशेला फिरायला लागले.

एवढ्या खोलीवर पाण्यानं लाल रंग जवळजवळ गिळलेला असतो, त्यामुळं तो आधी नुसता काळपट हिरवा दिसला. टॉर्च कडेनं हळूच वळवला तसे शेंदरी पाय पेटल्यासारखे दिसले, मानेजवळचे बिबट्या ठिपके, शेपटीची निळी झालर. लांबीला वीतभरही नव्हता. पुढचे दोन पाय छातीशी घट्ट मिटलेले, आणि कोपरासारखा फुगीर भाग पुढं काढलेला. तोच त्याचा हातोडा.

या हातोड्याची गती सेकंदाला २३ मीटरपर्यंत मोजली गेलीय, म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या पुढं, आणि तीही पाण्यात. निव्वळ स्नायूंच्या जोरावर हे होत नाही. तो स्नायू आवळून पायातला खोगिराच्या आकाराचा कडक भाग वाकवतो, खटका लावून ठेवतो आणि खटका सोडतो, ताणलेल्या धनुष्यासारखं. जीवशास्त्रज्ञ शीला पाटेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २००४ मध्ये दाखवून दिलं. ठोसा इतका वेगवान असतो की पाण्यात बुडबुडे तयार होतात, आणि ते फुटताना शंखाला दुसरा तडाखा बसतो. हातोड्याच्या वरच्या थरात आपल्या दातांतलंच खनिज असतं. तरी तो झिजतो, आणि कात टाकल्यावर नवा मिळतो.

डोळ्यांबद्दल मात्र इंटरनेटवर वाट्टेल ते लिहिलेलं सापडतं आणि मला ते खटकतं. रंग ओळखणाऱ्या पेशी आपल्याकडे ३ प्रकारच्या, याच्याकडे १२. म्हणून आपल्याला कल्पनाही करता येणार नाही असे रंग तो बघतो, असं सगळीकडं छापलेलं असतं. २०१४ मधल्या प्रयोगात दिसलं की जवळजवळच्या छटा वेगळ्या ओळखण्यात तो आपल्याहून कच्चा आहे. बहुधा तो छटांची तुलना करत बसत नाही, रंग झटकन ओळखून मोकळा होतो. शिकारी प्राण्याला ते जास्त उपयोगाचं, आणि मला तरी ही खरी गोष्ट त्या फुगवलेल्या गोष्टीपेक्षा जास्त आवडते. शिवाय ज्याच्या लहरी गोल फिरत पुढं जातात असा ध्रुवित प्रकाश त्याला दिसतो, जो आपल्याला वेगळा ओळखता येत नाही.

वर आल्यावर तोंडातला रेग्युलेटर (श्वासाची नळी) काढतोय तोच मित्र ओरडला, "भावा, डोळं बघितलास काय? एक तिकडं, एक हिकडं!"

नंतरच्या एका डाइव्हला मादी दिसली, रंगानं तपकिरी, छातीशी लाल अंड्यांचा गोळा धरून तो फिरवत बसलेली. अंड्यांना ताजं पाणी लागावं म्हणून हे चालतं. आम्ही टॉर्च बंद करून बाजूला झालो. बाहेर काढण्यासाठी बिळात काडी घालणारे डायव्हर असतात. कुणी घालताना दिसला तर तिथंच हाताच्या खुणेनं थांबवा. हाताचं बोट तर चुकूनही जवळ नेऊ नका, हाडापर्यंत फाटू शकतं.

जायचं तर ऑक्टोबर ते मे. शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्या, जमलं तर पूर्ण दिवस. डाइव्हनंतर लगेच उंचावर गेलं की हवेचा दाब कमी होतो आणि अंगात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होऊ शकतात, म्हणून आपल्याकडच्या लोकांनी हे तारकर्लीलाही लक्षात ठेवायला हवं. कोल्हापूर समुद्रापासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे आणि घाटमाथा त्याहून वर. सकाळी डाइव्ह करून दुपारी लगेच गगनबावडा चढणारे कितीतरी जण मला माहीत आहेत. एक रात्र मालवणात काढा.