बुडापेस्टचा नाताळ: बाजार लवकर उरका, मेंढपाळांना गाठा

डिसेंबरात बुडापेस्टला जाणारे बहुतेक जण नाताळ बाजारात गरम वाइन पितात, फोटो काढतात आणि परततात. बाजार छान आहे, महाग आहे, एका संध्याकाळी उरकतो. लोकसंगीत आणि नाच बघायचा असेल तर डॅन्यूब नदी ओलांडून शहराच्या पश्चिमेकडच्या ‘बुडा’ भागात या. बात्यानी तेर मेट्रो स्टेशनपासून चालत जाण्यासारख्या अंतरावर, कोर्विन चौकात हंगेरियन हेरिटेज हाउस आहे. कार्यक्रमांसाठी त्यांच्या वेबसाइटचं हंगेरियन पानच भाषांतर करून वाचा आणि तिकिटं घरूनच काढा.

आम्हाला सगळ्यात आवडलं ते बेत्लेहेमेझेश. येशूजन्माचं हे नाटुकलं पूर्वी गावातली पोरं घरोघर जाऊन करत. हातात चर्चच्या आकाराची लाकडी पेटी, तिच्यात गोठा. देवदूत वगैरे सोज्वळ मंडळी असतातच, पण भाव खाऊन जातो म्हातारा मेंढपाळ. लोकर बाहेर करून उलटा घातलेला मेंढीच्या कातड्याचा कोट, तोंडावर मुखवटा, आणि ठार बहिरा! देवदूत सांगतो एक, हा ऐकतो भलतंच. भाषा ओ की ठो कळत नव्हती, तरी हसून पुरेवाट. मग काठ्या आपटत नाच सुरू होतो. शक्यतो पुढे बसा. दणका पायाखालच्या फळ्यांतून जाणवतो.

जमलं तर १३ डिसेंबरच्या आधी पोहोचा. तो संत लुत्साचा (लुसीचा) दिवस. ताटलीत गहू पेरतात, नाताळपर्यंत ते हिरवेगार होतात; आपला नवरात्रातला घटच. त्याच दिवशी एक स्टूल करायला घ्यायचं, रोज थोडंसंच काम करायचं आणि २४ तारखेला पुरं करायचं. मध्यरात्रीच्या प्रार्थनेला त्यावर उभं राहिलं की गावातल्या चेटकिणी दिसतात म्हणे. मग घराकडे पळताना मागे खसखस सांडत जायची, म्हणजे त्या वेचत बसतात.

जुन्या रिवाजाप्रमाणे नाताळआधीच्या आठवड्यांत नाच बंद. खरा धिंगाणा २६ तारखेपासून, रेगोलेशचा: साखळ्या लावलेल्या काठ्या आपटत नव्या वर्षासाठी भरभराट मागणारी गाणी म्हणायची. सोबत मडक्याच्या तोंडावर कातडं ताणून त्यात बोरू बसवलेलं वाद्य. ओल्या बोटांनी बोरू चोळला की घोगरा घूं-घूं आवाज निघतो. ही प्रथा मुख्यतः हंगेरीच्या पश्चिमेकडच्या ‘झाला’ आणि ‘वॉश’ या भागांतली.

शहरातले तान्त्सहाझ, म्हणजे नाचघरं, मात्र हा रिवाज पाळत बसत नाहीत. ही चळवळ १९७२ मध्ये बुडापेस्टमध्येच सुरू झाली. २०११ मध्ये युनेस्कोने तिची दखल घेतली. आम्ही फोनो या संगीतघरात गेलो. सुरुवातीला पावलं शिकवतात, म्हणून वेळेवरच जा. व्हायोलिनवाल्याशेजारी तीन तारांचा व्हायोला घेऊन बसलेल्याकडे लक्ष ठेवा: त्या व्हायोलाची घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) सपाट असते, म्हणून तिन्ही तारा एकदम वाजतात आणि चार्दाश या हंगेरियन जोडीनाचाचा ठेका तोच धरतो. गुळगुळीत तळाचे बूट सोबत ठेवा, बर्फातले जाडजूड बूट तिथे नडतात.

२४ डिसेंबरला दुकानं बंद आणि दुपारनंतर ट्राम-बस जवळपास थांबतात. आदल्या दिवशीच खाण्याचं भरून ठेवा. शाकाहाऱ्यांनी खसखशीची किंवा अक्रोडाची बेयग्ली (सारण भरून गुंडाळलेला गोड रोल) घेताना पीठ लोण्यात मळलंय की डुकराच्या चरबीत, हे विचारावं. शेंगेन व्हिसाची तारीख दिवाळीच्या बरीच आधी घ्या, नंतर मिळता मिळत नाही.