तुम्ही विचारलंत म्हणून: त्या ठोक्यात ऐकायचं काय असतं?

तबल्याच्या वर्गातले माझे जुने सोबती भेटले की एक प्रश्न हमखास विचारतात, आणि ऑफिसातली तरुण मुले तोच प्रश्न दुसऱ्या टोकाकडून विचारतात. सोबती म्हणतात, "अगं, त्या धपधप संगीतात तू तासन्‌तास ऐकतेस तरी काय?" मुले म्हणतात, "ताई, इलेक्ट्रॉनिक संगीतात सध्या नवीन काय ऐकताय? दोन-चार नावं द्या ना." मला या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच वाटते, कारण कान कुठे लावायचा हे उमगल्याशिवाय नुसत्या नावांचा कोणाला उपयोग होत नाही, आणि नावे ऐकल्याशिवाय कान कुठे लावायचा हे शब्दांनी समजत नाही. म्हणून दोन्ही गोष्टी एकत्रच लिहिते आहे.

मी सात-आठ वर्षे आमच्या गुरुजींच्या वर्गात पेटीवर लेहरा, म्हणजे तबल्याला साथ देणारी स्वरांची ओळ, धरत असे. चंद्रकंसातली सोळा मात्रांची एक ओळ असायची. तीच ओळ, त्याच लयीत, कधी चाळीस मिनिटे तर कधी तासभर. लेहरा धरणाऱ्याने आपली कलाकुसर दाखवायची नसते, समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, बोट नेमके पडले पाहिजे आणि लय तसूभरही हलता कामा नये, एवढेच त्याचे काम असते. पेशकार, कायदे, रेले, गती, चक्रदार असा तबलावादनाचा सगळा डोलारा त्या न हलणाऱ्या ओळीवर उभा राहतो, आणि "एकच ओळ किती वेळ वाजवणार" अशी तक्रार मी आजवर एकाही श्रोत्याच्या तोंडून ऐकलेली नाही. हाउस आणि टेक्नो या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या प्रकारांत हीच व्यवस्था उलटी मांडलेली असते. तिथे ठेका लेहऱ्याचे काम करतो, आणि जे काही घडते ते स्वरांत, ध्वनीच्या पोतात आणि नादाच्या जवळ-दूर होण्यात घडते. या संगीताची लय साधारणपणे मिनिटाला १२० ते १३० ठोक्यांची असते आणि बदल बहुधा आठ किंवा सोळा खंडांनी येतो; चार ठोक्यांचा एक खंड धरला, तर सोळा खंडांचे ६४ ठोके होतात आणि १२५च्या लयीत ते ३१ सेकंदांत संपतात. म्हणजे दर अर्ध्या मिनिटाने कोणीतरी आत येते किंवा बाहेर जाते: हाय-हॅट या झांजांची बारीक किणकिण सुरू होते, मंद्रातला एखादा स्वर निघून जातो, मिटलेला आवाज हळूहळू उघडत जातो. ज्याने एकदा तीनतालाची आवर्तने मोजली आहेत, त्याला हे मोजणे मुद्दाम शिकावे लागत नाही.

विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींनी ज्यांच्या खिडक्यांची तावदाने थरथरली आहेत, त्यांचा राग मला समजतो आणि तो मला रास्तही वाटतो. त्या अनुभवावरून या संपूर्ण संगीताबद्दल मत बनवू नये, एवढीच माझी विनंती आहे.

लेहऱ्याची उपमा मला सुचली ती 'प्रॉमिसेस' या संग्रहामुळे. फ्लोटिंग पॉइंट्स या नावाने संगीत करणारा इंग्लंडचा सॅम शेपर्ड, सॅक्सोफोनवादक फॅरो सँडर्स आणि लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा यांनी मिळून केलेला हा संग्रह मार्च २०२१मध्ये आला, तेव्हा सँडर्स ८० वर्षांचे होते. सात स्वरांचा एक छोटा तुकडा जवळजवळ पूर्ण ४६ मिनिटे पुन्हा पुन्हा येत राहतो आणि त्यावर सॅक्सोफोन बोलतो, थांबतो, पुन्हा बोलतो. हे नाचाचे संगीत मुळीच नाही, पण शेपर्डचे नाचाचे संगीत समजून घ्यायचे असेल, तर दार इथे आहे. त्याने मेंदूविज्ञानात पीएचडी केली आहे आणि तो मँचेस्टरचा आहे. सप्टेंबर २०२४मध्ये आलेल्या त्याच्या 'कॅस्केड'मधल्या एका रचनेला मँचेस्टरच्या जुन्या रेडिओ केंद्राचे, तर दुसरीला तिथल्या एका प्रसिद्ध बाजाराचे नाव आहे. २०१९चा त्याचा 'क्रश' हा संग्रह क्लबांमधून वाजवत फिरण्याआधीच कोविड आला आणि ते राहून गेले. 'कॅस्केड'मध्ये ती राहून गेलेली गोष्ट पुरी करण्याची ओढ मला पहिल्या मिनिटापासून जाणवते. 'बर्थ४०००'मध्ये सिंथेसायझरचा एक छोटा स्वरसमूह सतत फिरत राहतो. त्याचे स्वर फारसे बदलत नाहीत, त्याची धार मात्र बदलत राहते, आणि ही धार ऐकणे म्हणजेच हे संगीत ऐकणे असे मी कोणालाही सांगेन.

मार्च २०२४ हा महिना माझ्यासाठी मोठा ठरला, कारण आज मी ज्यांची नावे सर्वांत आधी घेते त्यांपैकी तीन संग्रह त्या एकाच महिन्यात आले.

पहिला फोर टेटचा 'थ्री'. फोर टेट म्हणजे लंडनचा कीरन हेब्डेन. त्याची आई भारतीय वंशाची, दक्षिण आफ्रिकेत जन्मलेली. २०१५च्या 'मॉर्निंग/इव्हनिंग'मध्ये त्याने १९८३च्या 'सौतन' चित्रपटातल्या गाण्यातला लताबाईंचा स्वर घेतला होता आणि वीस मिनिटांच्या एका रचनेत तो असा पसरवला होता, की शब्द विरून जातात आणि फक्त तो गळा उरतो. माझ्या आईने ते स्वयंपाकघरातून ऐकले आणि हातातली पळी तशीच धरून ती बाहेरच्या खोलीत येऊन उभी राहिली. 'थ्री'मध्ये असा ओळखीचा आवाज नाही, आठच रचना आहेत, आणि त्यांतली 'थ्री ड्रम्स' ही शेवटची मला फार मोलाची वाटते. ड्रमसेटचा साधा, माणसाने हाताने वाजवल्यासारखा वाटणारा ठेका सुरू होतो, मग त्याच्या मागून सिंथेसायझरचे लांब स्वर भरतीच्या पाण्यासारखे चढत जातात आणि एका टप्प्यावर ड्रम त्या स्वरांखाली जवळजवळ बुडतात. आठ मिनिटांची ही रचना कृपया मध्येच सोडू नका. चढण्याचा वेग इतका संथ आहे, की पाचव्या मिनिटाला थांबणाऱ्याला काहीच घडले नाही असे वाटेल.

दुसरा जेलिनचा 'अकोमा'. ही अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या गॅरी या पोलादाच्या गावची कलावती, आणि तिने स्वतः पोलाद कारखान्यात काम केलेले आहे. तिचे संगीत शिकागोच्या फुटवर्क या नृत्यप्रकारातून आले. त्याची लय मिनिटाला १६०च्या आसपास असते, पण ती मधूनच निम्मी झाल्याचा भास होतो, आणि दुगुन-चौगुन अंगवळणी पडलेल्या माणसाला तो भास फार सुखाचा वाटतो. 'अकोमा'मध्ये आइसलंडची गायिका ब्यर्क, क्रोनोस क्वार्टेट हे तंतुवाद्यांचे पथक आणि अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लास यांचा सहभाग आहे, आणि बहुतेक लोक त्या नावांकडेच वळतात. मी मात्र 'चॅलेंज (टु बी कंटिन्यूड २)' ही रचना आधी लावायला सांगते. अमेरिकेतल्या कवायती वाद्यपथकांत स्नेअर ड्रमची जी दाट, कडक ओळ असते ती इथे ऐकू येते, आणि ती ऐकताना लक्ष्मी रस्त्यावर ताशाची तर्री पहिल्यांदा जवळून ऐकली तेव्हा छातीत जे झाले होते तेच मला पुन्हा होते. त्यांच्या आणि आपल्या वादनाचा काही संबंध आहे असे मी म्हणत नाही. कातड्यावर वेगाने पडणाऱ्या काठीला शरीर ओळखते, एवढेच म्हणते.

तिसरा आरुषी जैन यांचा 'डिलाइट'. हिंदुस्थानी गायनाची तालीम घेतलेल्या आणि आता अमेरिकेत मॉड्युलर, म्हणजे सुटे भाग तारांनी जोडून आवाज घडवणाऱ्या, सिंथेसायझरवर काम करणाऱ्या या कलावतीने हा संपूर्ण संग्रह बागेश्रीवर उभा केला आहे. माझ्या काही सोबत्यांनी तो दहा मिनिटांत बंद केला, कारण त्यांना आलाप, विस्तार, बंदिश या क्रमाची सवय आहे आणि तो क्रम इथे नाही. त्यांना मी पुन्हा आग्रह करीन. कोमल गंधार आणि निषाद, पंचमाला मोजकीच जागा आणि मध्यमावरचा विसावा हे सगळे ध्यानात ठेवून, रागाची मांडणी होते आहे असे न समजता त्या स्वरांच्या घरात कोणीतरी राहते आहे असे समजून ऐकले, तर हा संग्रह उलगडतो. विरहाचा मानला जाणारा हा राग त्यांनी आनंदाच्या बाजूने घेतला आहे, आणि ते मला पटले.

२०२५मधली माझी निवड बार्करच्या 'स्टोकॅस्टिक ड्रिफ्ट'पासून सुरू होते, पण त्याआधी त्याचा २०१९चा 'युटिलिटी' ऐकायला हवा. बर्लिनच्या या संगीतकाराने त्यात एक धाडस केले: टेक्नोची सगळी रचना ठेवली आणि तिचा पाया समजला जाणारा किक ड्रम, म्हणजे ड्रमसेटमधल्या मोठ्या ढोलाचा खोल ठोका, काढून टाकला. मागच्या वर्षी मी गुरुजींना भेटायला गेले, तेव्हा काहीही न सांगता त्यांच्या कानाला हेडफोन लावले. डोळे मिटून ते मिनिटभर स्वस्थ बसले, मग उजव्या हाताची बोटे मांडीवर मात्रा मोजू लागली आणि डावा हात तळवा वर करून तसाच राहिला. "खाली लांबवली आहे याने," ते म्हणाले, "सम येईल म्हणून मी थांबलोय." तीनतालात नवव्या मात्रेला खाली येते, तिथून पुढे काही मात्रा डग्गा मुका राहतो आणि त्या पोकळीमुळेच पुढची सम गोड लागते, बार्करने ती पोकळी पूर्ण संग्रहभर धरून ठेवली आहे, हे इतक्या थोड्या शब्दांत मला कधी सांगता आले नसते. 'स्टोकॅस्टिक ड्रिफ्ट'मध्ये तो या कडक नेमातून बाहेर आला आहे आणि लय अधिक सैल, अधिक खेळकर झाली आहे.

'स्टोकॅस्टिक ड्रिफ्ट' आला त्याच महिन्यात, एप्रिल २०२५मध्ये, इंग्लंडच्या 'ड्रम' (Djrum) या कलावंताचा 'अंडर टँगल्ड सायलेन्स' आला. पियानो आणि चेलो यांच्यापासून अतिद्रुत ठोक्यांपर्यंतचा प्रवास त्यात इतका सहज होतो, की लय कुठे बदलली ते मागे जाऊन शोधावे लागते. इंग्लंडच्याच जेमी एक्सएक्सचा 'इन वेव्ह्ज' २०१५च्या 'इन कलर'नंतर नऊ वर्षांनी आला. चार मित्र जमले असतील तर तो लावावा, एकट्याने ऐकताना मला तो तितका पुरत नाही.

"पण हे आपलं नाही," असे कोणी म्हटले की मी 'एनआयडी टेप्स' या संग्रहाचे नाव घेते. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवून दिला, आणि पुढची तीन वर्षे तिथे पखवाज शिकलेल्या गीता साराभाई यांच्यासह अनेकांनी त्यावर प्रयोग केले. त्या फिती संस्थेच्या संग्रहात तशाच पडून होत्या. ब्रिटिश कलावंत पॉल परगस यांनी त्या शोधून २०२३मध्ये प्रसिद्ध केल्या. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात वादक असलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२मध्ये दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले, तेव्हा त्यांच्या हाती रोलंड कंपनीची टीबी-३०३ (मंद्र स्वरांचे) आणि टीआर-८०८ (ठेक्याचे) ही यंत्रे होती. त्याच टीबी-३०३मधून निघालेल्या आवाजावर शिकागोत ॲसिड हाउस हा हाउसचा प्रकार उभा राहिला, पण त्याची पहिली गाजलेली तबकडी १९८७ची आहे. सिंग यांचा भैरव किंवा ललित ऐकताना मला आजही वाईट वाटते ते याचे, की ती तबकडी त्या वेळी आपल्या कोणाच्या लक्षात आली नाही आणि २०१०मध्ये परदेशात पुन्हा निघाली तेव्हाच तिची चर्चा झाली.

एक कळकळीची विनंती: यातले काहीही मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. किक ड्रमचा गाभा ५०-६० हर्ट्झच्या आसपास असतो आणि तो त्या चिमुकल्या स्पीकरमधून बाहेरच पडत नाही. डग्ग्याची घुमक काढून घेतलेला तबला ऐकावा, तसे ते होते. साधे वायरचे हेडफोन पुरतात.

ऑफिसातल्या मुलांनी 'थ्री' आधी ऐकावा, तोही पहिल्या रचनेपासून क्रमाने; 'अकोमा' संध्याकाळी चालताना आणि 'डिलाइट' मध्यरात्रीच्या सुमारास, बागेश्रीच्या वेळेला. तबल्याच्या सोबत्यांनी 'प्रॉमिसेस' लावावा, पहिली पाच मिनिटे मांडीवर ते सात स्वर मोजावेत, आणि मग मोजणे आपोआप कधी सुटले ते मला फोन करून सांगावे.