एकच टाळी

फुगडी चुकवायची असेल तर हातात कॅमेरा धरावा, हे मला फार उशिरा सुचलं. पण सुचलं. मामेभावाचं लग्न डिसेंबरात झालं, त्यामुळे यंदाच्या श्रावणात मामीकडे पहिली मंगळागौर. ठाण्यात नौपाड्यातला हॉल आणि मामीचा बाराजणींचा ग्रुप. महिनाभर गच्चीवर तालीम करून तयार झालेला. नऊवारी, नथ, आणि आतून गुडघ्याला क्रेप बँडेज. ‘तू नाही का खेळत?’ असं कुणी विचारलं की मी ट्रायपॉडकडे बोट दाखवायचे.

शूटिंगचा थाट मोठा होता. हॉलच्या मागच्या टोकाला माझा कॅमेरा. उजवीकडे खुर्चीवर चढवून ठेवलेला मामेभावाचा फोन. मामीच्या मैत्रिणीच्या मुलीच्या हातात दुसरा, फिरता फोन. आणि गाणाऱ्या बायकांच्या पुढ्यात, पाटावर, आवाजासाठी वेगळा रेकॉर्डर. कॅमेऱ्यातला माइक लांबून घेतो तो आवाज म्हणजे निम्मा पंख्याचाच असतो, म्हणून.

आता चार यंत्रं चार वेळी सुरू होणार. नंतर ती एका रेषेत आणायची तर चौघांनाही ठाऊक असलेला एक क्षण हवा. सिनेमावाले क्लॅप देतात तो याचसाठी. त्या पाटीवरचे सीन नंबर, टेक नंबर लोकांना दिसतात, पण खरं काम वरच्या दोन पट्ट्यांचं. त्या एकमेकींवर आपटतात ती फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं ते एक चित्र, डोळ्यांना दिसते, आणि आवाजाच्या आलेखावर त्याच जागी एक सरळसोट सुळका उभा राहतो. फ्रेम सुळक्याखाली आणून ठेवली की झालं. सुरुवातीला राहून गेलं तर शेवटी पाटी उलटी धरून क्लॅप देतात. पाटी नसेल तर आपली टाळीही चालते. फक्त ती एकच हवी.

मी सगळी यंत्रं सुरू केली, मध्ये जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, ‘एक मिनिट थांबा सगळ्या, एक टाळी वाजवायचीय.’

‘टाळी ना? घ्या गं!’ मामी म्हणाली, आणि बाराजणींनी झिम्मा सुरू केला.

रात्री घोडबंदर रोडच्या माझ्या घरी कार्ड रिकामी केली तेव्हा पहिला गोंधळ तारखांचा निघाला. कॅमेऱ्याची बॅटरी बरेच दिवस काढून ठेवलेली, त्यामुळे त्याच्या मते ही मंगळागौर १ जानेवारी २०१९ रोजी झाली होती. तेव्हा नवरा-नवरी एकमेकांना ओळखतसुद्धा नव्हते. फिरत्या फोनवालीने क्लिपा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या, म्हणजे चेहरे पुसट आणि नावं भलतीच. त्या पुन्हा ड्राइव्हवर मागवल्या. मग चार फोल्डर केले: मागचा, उजवा, फिरता, पाट. फायलींना क्रमांक घातले. हे कंटाळवाणं काम आधी उरकायचं असतं, कारण एडिटिंग सुरू झाल्यावर मूळ फायलीचं नाव बदललं की सॉफ्टवेअर तिला ओळख देत नाही, नुसती लाल पाटी दाखवतं. मी हे पूर्वी करून बसलेय, त्याबद्दल अधिक बोलत नाही.

नंतरचं काम हल्ली सॉफ्टवेअर स्वतःच करतं. चारही आवाजांचे आलेख एकमेकांवर सरकवून बघतं आणि जिथे सगळ्यात जास्त जुळतात तिथे चिकटवतं. मी बटण दाबलं, चहा करून आणला. बघते तर सगळं जुळलेलं. बायकांचे हात एकमेकींवर पडतायत आणि बरोबर त्याच क्षणी टाळी ऐकू येतेय. मी खूश. आणि तरी काहीतरी खुपत होतं, डाळीत खडा लागल्यासारखं.

पाचव्यांदा बघताना कळलं. ओठ चुकत होते. प, फ, ब, भ, म. शाळेत ओष्ठ्य व्यंजनं पाठ केली होती, त्यांचा उपयोग मला चाळिशीत झाला. ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय निघतच नाहीत. गाण्यात ‘प’ ऐकू येत होता आणि पडद्यावर मामीचं तोंड चांगलं उघडं होतं. झालं होतं असं की झिम्म्याची प्रत्येक टाळी दुसरीसारखीच, दोन टाळ्यांमधलं अंतरही तेच. आलेखावर एकसारख्या सुळक्यांची रांग. बिचारं सॉफ्टवेअर अख्खी एक टाळी चुकलं होतं. हात जुळत होते, शब्द नाहीत. पहिली टाळी तिसरीला ऐकवा नाहीतर चौथीला, झिम्मा दिसायला झिम्माच.

मग शोध सुरू झाला अशा आवाजाचा, जो संध्याकाळभरात एकदाच झाला असेल. राम मारुती रोडवरून येणारे रिक्षांचे हॉर्न बाद. ते सगळे एकाच आईची लेकरं. शेवटी सापडला. घागर फुंकायच्या आधी ओटीचं तबक कुणाच्या तरी पदरात अडकून खाली पडलं होतं. खण्ण! तांदूळ, हळकुंडं, नारळ, सगळं जमिनीवर. त्या वेळी सगळ्यांचे चेहरे पडले, एक आजी ‘शुभ असतं, शुभ असतं’ म्हणत पुढे आल्या. आलेखावर तो सुळका इतका देखणा होता की मी खुर्चीत उठून बसले. मागचा, उजवा आणि पाट, तिघे तबकावर जुळले. फिरता नेमका तेव्हा बंद होता (ती मुलगी चकल्या खात होती, उजव्या फोनमध्ये दिसते), म्हणून त्याच्या तेरा क्लिपा एकेक करून, ओठ बघत, हाताने बसवल्या.

तरीही शेवटच्या उखाण्यांपाशी आवाज पुन्हा तीन फ्रेम सटकला. ठाण्याहून स्लो आणि फास्ट लोकल एकदम सुटल्या की मुलुंडच्या बाजूला काही वेळ समोरच्या डब्यातली बाई आपल्यासमोर स्थिर उभी दिसते. दोघींचा वेग एकच आहे असं वाटतं. नाहीच तसं. हळूहळू ती मागे सरकते, आधी तिची पर्स जाते, मग ती. तसंच हे. प्रत्येक यंत्रात वेळ मोजणारा क्वार्ट्झचा स्फटिक असतो आणि कुठलेही दोन स्फटिक अगदी सारखे चालत नाहीत. दीड तासात तीन फ्रेम म्हणजे सेकंदाच्या आठव्या भागाइतका फरक. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत आवाज कापला, सरकवला, पुन्हा कापला. फोनची तऱ्हा आणखी वेगळी. उजेड कमी झाला की तो गुपचूप सेकंदाला कमी फ्रेम घेतो. त्याच्या फायली हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून सेकंदाला स्थिर २५ फ्रेमवर काढून घेतल्या, तेव्हा कुठे तो वठणीवर आला.

२५ च्या हिशेबात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. तेवढ्या वेळात आवाज जेमतेम चौदा मीटर जातो, म्हणजे आमच्या हॉलची लांबी. मागच्या कॅमेऱ्याला प्रत्येक टाळी एक फ्रेम उशिरा ऐकू गेली होती. डोळ्याला हे चालतं. वीज आधी, गडगडाट मागून, याची आपल्याला जन्मापासून सवय. टीव्हीच्या प्रसारणासाठी जी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे तीही हेच सांगते: आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तर माणसाला जाणवतं, मागे राहिला तर १२५ पर्यंत लक्षात येत नाही. उशिरा आलेल्याला माफी, आधीच येऊन बसलेल्याला नाही. ठाण्याच्या लग्नांतसुद्धा साधारण असंच आहे.

रविवारी पेनड्राइव्ह घेऊन पाचपाखाडीला गेले. मामीने टीव्हीवर लावून, चष्मा पुसून, आवाज मोठा करून पाहिलं. झिम्म्याला थांबवलं.

‘अगं, ह्या मागच्या काकूंचे हात बघ. टाळी होऊन जाते मग पडतात. तुझं ते जुळवायचं काम फसलंय इथे.’

‘नाही मामी. बाकी अकराजणींचे बघ ना, बरोबर आहेत. काकूच मागे पडल्यात.’

मामीने पुन्हा पाहिलं. पुन्हा मागे घेतलं. ‘महिनाभर सांगत होते त्यांना,’ ती पुटपुटली. मग म्हणाली, ‘मग त्यांना घे की जरा पुढे. एवढं सगळं सरकवतेस.’

तिथे मी सूप नाचवण्याचा जवळून घेतलेला शॉट टाकते म्हटलं. ते तिला पटलं.

‘आणि ते तबक पडलेलं काढून टाक. खण्ण करून केवढा आवाज येतो! बघणाऱ्यांना कशाला?’

‘काढते,’ म्हटलं. अजून काढलेलं नाही.